डेटाबेसाची पारख

वरच्या वर्गांतील विद्यार्थी हल्लीं स्वतः ॲप तयार करूं लागले आहेत. एखादें वाचनालयाच्या पुस्तकांची देवघेव टिपतें, एखादें दुधाचा किंवा भिशीचा हिशेब ठेवतें, एखादें वर्गाची हजेरी मांडतें. पहिले कांहीं महिने त्यांत शेंदोनशें नोंदी असतात व सर्व सुरळीत चालतें. पुढें तें शेजारच्या वर्गाला हवेंसें वाटतें, मग शेजारच्या शाळेला. आणि तें तयार करणाऱ्या मुलापुढें प्रश्न उभा राहतो कीं, ह्या वाढत्या नोंदी आतां कोणाच्या स्वाधीन कराव्या? “सर्वांत चांगला डेटाबेस कोणता?” असें तो चौघांना विचारतो, आणि चौघे चार नांवें सांगतात.

आम्हांस वाटतें, हा प्रश्न निराळ्या रीतीनें विचारला पाहिजे. “नोंद झाली, असें एकदां सांगितल्यावर ती नोंद कसल्याहि संकटांत न गमावणारा डेटाबेस कोणता, आणि तो सांभाळणें मला झेपेल काय?” असा तो विचारला म्हणजे पुष्कळ नांवें आपोआप गळून पडतात. पालकांनींहि हा लेख वाचावा, अशी आमची इच्छा आहे. मुलांची फी, गुण, पत्ते व आजारपणाच्या नोंदी आतां अशाच कोणत्या तरी दप्तरांत पडत असतात, आणि तें दप्तर कोण कसें राखतो हें विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. डेटाबेस म्हणजे माहितीचें दप्तर. तें राखणारा जो प्रोग्राम, त्यालाहि व्यवहारांत डेटाबेसच म्हणतात. ॲप त्याला हुकूम देतें कीं, ही नोंद लिही, ती शोधून दे, अमकी पुसून टाक. तो त्याप्रमाणें करतो. पूर्वीं माहिती संगणकांत कोठें व कशी ठेवली आहे हें विचारणाऱ्यालाच ठाऊक असावें लागे. एडगर कॉड ह्या संशोधकानें १९७० सालीं, अमेरिकेंतील आयबीएम कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत असतांना, असा विचार मांडला कीं माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, आणि काय हवें तेवढेंच विचारणाऱ्यानें सांगावें. कोठून काढावयाचें ही काळजी डेटाबेसानें करावी. त्याच प्रयोगशाळेंतील चेंबरलिन व बॉइस ह्यांनीं १९७४ सालीं ह्या विचाराला अनुसरून जी भाषा प्रसिद्ध केली, तीच पुढें एसक्यूएल ह्या नांवानें रूढ झाली. पन्नास वर्षें लोटलीं, तरी बहुतेक सर्व मोठे डेटाबेस अद्याप तीच भाषा समजतात. जो विद्यार्थी ती नीट शिकेल, त्याचे कष्ट डेटाबेस बदलला तरी वांया जाणार नाहींत.

आतां मुख्य गोष्ट. आपल्याकडील जुने व्यापारी दोन वह्या ठेवीत. दिवसभरांतील प्रत्येक देवघेव ज्या क्रमानें घडली त्याच क्रमानें रोजकीर्दींत लिहावयाची, आणि मागाहून सवडीनें ती खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाची. खतावतांना कारकून मध्येंच उठून गेला, किंवा खतावणीच्या पानावर शाई सांडली, तरी व्यापारी घाबरत नसे. कीर्द शाबूत असली म्हणजे खतावणी पुन्हां तयार करतां येते. विश्वासू डेटाबेस अगदीं हेंच करतो. तक्त्यांना हात लावण्यापूर्वीं तो होणारा बदल एका निराळ्या कीर्दींत लिहितो, ती कीर्द चकतीवर पक्की उतरली ह्याची खात्री करतो, आणि मगच ॲपाला कळवितो कीं, “झालें.” इंग्रजींत ह्या कीर्दीला राइट-अहेड लॉग म्हणतात. मध्येंच वीज गेली आणि तक्ते अर्धवट राहिले, तरी संगणक पुन्हां सुरू होतांच डेटाबेस कीर्द वाचून तक्ते जुळवून घेतो.

“पक्की उतरली” ह्या शब्दांवर थोडें थांबलें पाहिजे, कारण सर्व विश्वास तेथेंच आहे. प्रोग्रामानें कांहीं लिहावयास सांगितलें म्हणजे संगणक तें लगेच चकतीवर लिहीत नाहीं. चकती सावकाश चालते. म्हणून तो तें आधीं आपल्या तात्पुरत्या स्मृतींत ठेवतो व “लिहिलें” म्हणून मोकळा होतो. ही स्मृति म्हणजे पाटी आणि चकती म्हणजे वही, असें समजावें. वीज गेली कीं पाटी कोरी होते. तेव्हां डेटाबेसानें संगणकाला बजावून सांगावें लागतें कीं, पाटीवरचें वहींत उतरव, आणि तें उतरेपर्यंत मी पुढें जाणार नाहीं. ह्या हुकुमाला एफसिंक असें नांव आहे. ह्यांत वेळ मोडतो. जो डेटाबेस हा हुकूम देतच नाहीं, तो साहजिकच फार चपळ दिसतो. आणि जाहिरातींत चपळपणा ठळक अक्षरांत छापलेला असतो.

दुसरी कसोटी फीच्या उदाहरणानें समजेल. समजा, एका पालकानें २,००० रुपये फी भरली. ॲपाला दोन ठिकाणीं लिहावयाचें आहे: शाळेच्या जमेच्या तक्त्यांत २,००० रुपये मांडावयाचे, आणि त्या मुलाच्या नांवावरील येणें तितकेंच कमी करावयाचें. पहिलें झालें आणि दुसरें होण्याच्या आंत वीज गेली, तर शाळेच्या तिजोरींत पैसे आहेत व मुलाच्या नांवावर थकबाकीहि आहे, असा चमत्कार होईल. आणि बिचाऱ्या पालकाला पावती हातांत घेऊन कचेरीच्या खिडकीशीं उभें राहावें लागेल. म्हणून दोन्ही नोंदी मिळून एकच व्यवहार मानावा. झाल्या तर दोन्ही व्हाव्या, नाहीं तर एकहि होऊं नये. ही कल्पना शास्त्रशुद्ध रीतीनें मांडण्याचें मोठें श्रेय जिम ग्रे ह्या अमेरिकन संशोधकाला आहे. त्यासाठीं १९९८ चें ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालें. (२००७ च्या जानेवारींत ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाच्या होडींतून समुद्रावर गेले, ते परत आले नाहींत. पुष्कळ शोध होऊनहि होडीचा पत्ता लागला नाहीं.)

हेर्डर व रॉयटर ह्या दोन जर्मन संशोधकांनीं १९८३ सालीं अशा व्यवहाराचे चार गुण सांगितले, आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ॲसिड हा शब्द बनविला. व्यवहार अखंड असावा. त्यानें दप्तराचे नियम मोडूं नयेत. एकाच वेळीं चाललेल्या दोन व्यवहारांनीं एकमेकांत ढवळाढवळ करूं नये. आणि झालेला व्यवहार टिकावा. तिसऱ्या गुणाकडे विद्यार्थ्यांचें हटकून दुर्लक्ष होतें, कारण घरीं ॲप चालवून पाहणारा एकटाच असतो. वाचनालयांत एका पुस्तकाची एकच प्रत शिल्लक आहे, आणि दोन खिडक्यांवर दोन मुलें तीच मागत आहेत. दोन्ही खिडक्यांनीं एकाच क्षणीं “प्रत आहे काय?” असें विचारलें, दोघींना “आहे” असें उत्तर मिळालें, आणि दोघींनीं ती देऊन टाकली! माणसें वाढलीं म्हणजे असे क्षण रोज येतात.

हे दोष काल्पनिक नाहींत. मायएसक्यूएल हा १९९५ सालचा, जगभर वापरला गेलेला डेटाबेस. कित्येक वर्षें त्याचा मुळांत ठरलेला तक्ता मायआयसॅम नांवाच्या प्रकारचा असे, आणि त्या प्रकाराला वर सांगितलेला व्यवहार माहीतच नव्हता. २०१० च्या ५.५ ह्या आवृत्तीपासून त्याची जागा इनोडीबी ह्या भरंवशाच्या प्रकारानें घेतली. त्याची आणखी एक खोड होती. दहा अक्षरांच्या रकान्यांत पंधरा अक्षरांचें नांव घातलें, तर शेवटचीं पांच अक्षरें टाकून देऊन तो केवळ एक हळू सूचना करी. मुळांतच कडक वागण्याची पद्धति २०१५ च्या ५.७ ह्या आवृत्तीपासून आली. मोंगोडीबी हा डेटाबेस २००९ सालीं निघाला आणि नव्या पिढीनें त्याला डोक्यावर घेतलें. परंतु २०१२ च्या अखेरीपर्यंत त्याला जोडणारे प्रोग्राम, निराळें सांगितल्याखेरीज, नोंद पोंचली कीं नाहीं ह्याच्या उत्तरासाठीं थांबतच नसत. पत्र पेटींत टाकलें म्हणजे पोंचलें, असें समजण्यापैकींच तो प्रकार होता. हे तिन्ही दोष आतां दूर झाले आहेत. अन्याय होऊं नये म्हणून हें आम्ही स्पष्ट सांगतों. परंतु ज्यांनीं त्या काळांत केवळ वेग आणि गाजावाजा पाहून निवड केली, त्यांनीं काय पत्करलें होतें, हें त्यांतील पुष्कळांना ठाऊक नव्हतें.

मग आज काय निवडावें? निवडीपूर्वीं पाटी-पेन्सिल घेऊन एक हिशेब करावा. समजा, ॲप २,००० कुटुंबें वापरतात आणि प्रत्येक कुटुंब दिवसांत १० नोंदी करतें. एकूण २०,००० नोंदी झाल्या. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे सरासरी चार सेकंदांस एक नोंद. सर्वांनीं संध्याकाळीं सात ते नऊ ह्याच वेळांत लिहिलें असें धरलें, तरी ७,२०० सेकंदांत २०,०००, म्हणजे सेकंदाला तीनहि नाहींत. ॲप दसपट वाढलें तर तीसच्या आंत. साध्या भाड्याच्या सर्व्हरवर चांगला डेटाबेस सेकंदाला शेंकडों लहान व्यवहार सहज उरकतो. इन्स्टाग्राम ह्या प्रसिद्ध ॲपाच्या मंडळींनीं आरंभींच्या काळांत आपल्या दप्तराची माहिती प्रसिद्ध केली होती. तेव्हां सेकंदाला २५ हून अधिक छायाचित्रें व ९० हून अधिक पसंतीच्या खुणा येत असत, आणि त्या पोस्टग्रेस नांवाच्या जुन्या, फुकट मिळणाऱ्या डेटाबेसांतच ठेवल्या जात. असें असतां, तीनशें मुलांच्या हजेरीसाठीं शंभर संगणकांवर पसरणारा डेटाबेस शोधीत बसणें म्हणजे पोरांच्या पंगतीसाठीं लग्नाची भांडीं आणण्यासारखें आहे. भांडीं मिळतील, घासणार कोण?

लहान ॲपासाठीं एसक्यूलाइट पुरे. डी. रिचर्ड हिप ह्यांनीं तें २००० सालीं लिहिलें. अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेवरील प्रोग्रामाचें काम त्यांच्याकडे होतें. डेटाबेसाचा सर्व्हर बंद पडला कीं तो प्रोग्रामहि बंद पडे. तेव्हां सर्व्हरच नको, सारें दप्तर एका फाइलींत असावें, अशी कल्पना त्यांना सुचली. आज आपल्या खिशांतील जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्यें तें आहे. व्यवहाराचे चारहि गुण त्यांत आहेत. तें लहान असलें तरी कच्चें नाहीं. त्याची मर्यादा एवढीच कीं, एका वेळीं एकालाच लिहितां येतें, आणि तें ज्या संगणकावर आहे त्याच संगणकावरून वापरावें. अनेक संगणकांच्या सामायिक फोल्डरांत ती फाइल ठेवून सर्वांनीं एकदम उघडणें धोक्याचें आहे. तसेंच, काम चालू असतां फाइलीची साधी नक्कल घेऊं नये; त्यांतच नक्कल घेण्याची जी सोय आहे ती वापरावी.

ॲप ह्या मर्यादेबाहेर गेलें, दोन-तीन सर्व्हरांवरून लोक लिहूं लागले, पैशांचे व्यवहार आले, तर आमचा कौल पोस्टग्रेसला आहे. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर ह्यांच्या देखरेखीखालीं १९८६ सालीं त्याचें काम सुरू झालें, आणि १९९६ पासून पोस्टग्रेस-एसक्यूएल ह्या नांवानें जगभरचे स्वयंसेवक व अनेक कंपन्या मिळून तें पुढें नेत आहेत. तें कोणा एका कंपनीच्या मालकीचें नाहीं. मायएसक्यूएल २००८ सालीं सन कंपनीकडे गेलें, आणि २०१० सालीं सनबरोबर ओरॅकलकडे. धनी बदलला म्हणजे अटी बदलूं शकतात, ह्याचा विचार दहा वर्षें टिकावयाच्या दप्तरासाठीं करावा लागतो. तरीहि, तुमच्या ओळखींत मायएसक्यूएल किंवा त्यांतूनच निघालेला मारियाडीबी उत्तम जाणणारा माणूस असेल आणि पोस्टग्रेस जाणणारा कोणीच नसेल, तर खुशाल तो घ्यावा. रात्रीं दोन वाजतां दप्तर बंद पडलें असतां ज्याला काय करावें हें समजतें, असा माणूस जवळ असणें ही सुद्धां डेटाबेसाच्या गुणांतच मोजण्याची गोष्ट आहे.

निर्दोष मात्र कोणीच नाहीं. २०१८ च्या मार्चमध्यें असें उघडकीस आलें कीं, चकतीनें लिहिण्यास नकार दिला असतां लिनक्स ही संगणकाची मूळ प्रणाली ती तक्रार पोस्टग्रेसला एकदांच सांगते; पोस्टग्रेसनें पुन्हां “उतरव” म्हटलें कीं “उतरलें” असें उत्तर येतें, आणि प्रत्यक्षांत कांहींच उतरलेलें नसतें. कित्येक वर्षें कोणाच्या लक्षांत न आलेली ही गोष्ट होती. ती लपविण्यांत आली नाहीं. सर्वांसमोर चर्चा झाली, आणि २०१९ च्या फेब्रुवारींतील दुरुस्तीनंतर अशी तक्रार येतांच पोस्टग्रेस काम थांबवून कीर्दीवरून पुन्हां उभें राहूं लागलें. डेटाबेस निवडतांना त्याच्या दोषांची यादी अवश्य वाचावी. ज्याच्या दोषांची यादीच कोठें सांपडत नाहीं, त्यापासून चार हात दूर राहिलेलें बरें. काइल किंग्सबरी नांवाचे एक गृहस्थ २०१३ पासून जेप्सन ह्या नांवाखालीं निरनिराळ्या डेटाबेसांच्या तारा मुद्दाम तोडून व घड्याळें मागेंपुढें करून त्यांची परीक्षा घेतात आणि निकाल छापतात. बड्या बड्या नांवांची त्यांत त्रेधा उडालेली दिसते.

मराठी ॲप करणाऱ्यांनीं एक गोष्ट विशेष पाहावी. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ ह्या आजच्या सर्वमान्य पद्धतींत तीन बाइटांची जागा घेतें. मायएसक्यूएलमध्यें ‘यूटीएफ-८’ नांवाचा जो जुना प्रकार होता त्यांत तीन बाइटांपर्यंतचींच चिन्हें मावत. म्हणून देवनागरीचें काम भागे आणि उणीव ध्यानांत येत नसे. परंतु आपल्या मोडी लिपीला २०१४ सालीं युनिकोडमध्यें जी जागा मिळाली ती चार बाइटांच्या मुलुखांत आहे. जुन्या जमिनीच्या कागदांतील मोडी मजकूर कोणी त्या तक्त्यांत घालूं गेला, तर तो मावणार नाहीं. २०१० पासून मायएसक्यूएलमध्यें चार बाइटांचा पूर्ण प्रकार आला आहे, तोच घ्यावा. पोस्टग्रेसला ही अडचण नाहीं. तसेंच वर्णक्रमाचें. आपल्या वर्णमालेंत ळ हा ह च्या पुढें येतो, पण संगणकाच्या अंकक्रमांत तो ल आणि व ह्यांच्या मध्यें बसला आहे. मराठी क्रम हवा असल्यास डेटाबेसाला तसें सांगावें लागतें. नाहीं तर शब्दकोशाच्या ॲपांतील शब्द भलत्याच पानावर जाऊन बसतील.

ॲप संथ झालें म्हणजे लोक प्रथम डेटाबेसाला दोष देतात. बहुधा दोष अनुक्रमणिका नसण्याचा असतो. दहा लाख नांवांच्या तक्त्यांत एक नांव शोधण्यासाठीं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जाणें निराळें, आणि नांवें क्रमानें लावून दर वेळीं निम्मीं बाजूला सारीत जाणें निराळें. दुसऱ्या रीतीनें वीस पावलांत नांव सांपडतें. ज्या रकान्यावरून नेहमीं शोध होतो त्याची अनुक्रमणिका करावी. त्यानेंहि न भागलें तर मोठा संगणक घ्यावा. त्यापुढें दुसऱ्या संगणकावर दप्तराची सतत चालती प्रत ठेवून वाचणाऱ्यांना तिकडे पाठवावें, आणि लिहिणें मात्र मूळ दप्तरांतच ठेवावें.

दोन प्रती आल्या कीं नवी काळजी येते: दोहोंचें एकमत राहील काय? २१ ऑक्टोबर २०१८ रोजीं गिटहब ह्या कंपनीच्या, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील संगणकगृहाचा बाहेरच्या जाळ्याशीं असलेला दुवा दुरुस्तीच्या कामांत ४३ सेकंद तुटला. तेवढ्यांत राखण करणाऱ्या यंत्रणेनें पश्चिम किनाऱ्यावरील प्रतीला मूळ दप्तराचा मान दिला. दुवा जुळला तेव्हां पूर्वेकडे कांहीं सेकंदांच्या अशा नोंदी होत्या, ज्या पश्चिमेला पोंचल्याच नव्हत्या. आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी धडाधड येऊं लागल्या होत्या. दोन्ही वह्या खऱ्या आणि दोन्ही अपुऱ्या! कंपनीनें घाईनें एक वही फेंकून दिली नाहीं. काम मंद चाललें, लोकांची बोलणीं खाल्लीं, पण नोंदी जपल्या. पूर्ववत् स्थिति येण्यास २४ तास ११ मिनिटें लागलीं. अत्यंत गर्दीच्या एका दप्तरांत मागाहून जुळवावयाच्या ९५४ नोंदी निघाल्या. त्रेचाळीस सेकंदांची ही किंमत, आणि ती देखील निष्णात मंडळींना द्यावी लागली. म्हणून गरज पडेपर्यंत दप्तर एकाच ठिकाणीं ठेवावें, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

चालती प्रत ही सुरक्षित नक्कल नव्हे, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. मूळ दप्तरांत कोणी चुकून तक्ता पुसला, तर चालत्या प्रतींतहि तो क्षणार्धांत पुसला जातो. नकलांची गोष्ट निघाली म्हणजे गिटलॅब ह्या कंपनीवर गुदरलेला प्रसंग आठवतो. तिचा डेटाबेस पोस्टग्रेसच होता. निवड उत्तम होती. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं चालती प्रत मागें पडून बंद झाली. ती पुन्हां सुरू करण्यासाठीं तिच्यावरील जुनें दप्तर पुसणें आवश्यक होतें. थकलेल्या अभियंत्यानें पुसण्याचा हुकूम दिला, परंतु तो ज्या संगणकावर दिला तो मूळ दप्तराचा होता. एक-दोन सेकंदांत चूक उमगली व हुकूम थांबविला. तोंवर सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचारच उरले होते.

“हरकत नाहीं, नकला आहेत,” असें म्हणून शोध सुरू झाला. रोज नक्कल घेणारा प्रोग्राम ९.२ ह्या जुन्या आवृत्तीचा होता आणि दप्तर ९.६ चें, तो प्रत्येक वेळीं काम न करतां परत फिरत होता, आणि नकला ठेवावयाची जागा रिकामी होती. काम बिघडल्याचीं पत्रें तो पाठवीत होता, पण त्या पत्रांवर ओळखीची खूण नसल्यामुळें टपाल घेणारी यंत्रणा तीं नाकारीत होती, आणि कोणालाच कांहीं कळलें नाहीं. संगणकाच्या संपूर्ण चकतीची नक्कल घेण्याची सोय इतर सर्व्हरांना होती. डेटाबेसाच्या सर्व्हरांना ती लावलेलीच नव्हती. अखेर एक नक्कल सांपडली. सहा तासांपूर्वीं, अगदीं निराळ्या कामासाठीं, एका अभियंत्यानें ती सहज म्हणून घेतली होती. तिच्यावरून दप्तर उभें करण्यास सुमारें १८ तास लागले. मधल्या सहा तासांतील अदमासें ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० अभिप्राय आणि ७०० नव्या सभासदांचीं खातीं कायमचीं गेलीं. कंपनीनें आपला सर्व वृत्तांत जसाच्या तसा जाहीर केला, म्हणूनच आपणांस त्यांतून शिकतां येतें.

तेव्हां पालकांनीं शाळेच्या ॲपवाल्याला “नकला घेतां काय?” असें विचारूं नये, त्याला “होय” हें उत्तर ठरलेलें आहे. “शेवटची नक्कल रिकाम्या संगणकावर उभी करून कोणत्या तारखेला पाहिली, आणि तिला किती वेळ लागला?” असें विचारावें. नक्कल निराळ्या इमारतींत असावी. तिच्यासोबत तिच्यानंतरची सर्व कीर्दहि जपून ठेवावी, म्हणजे नक्कल आणि कीर्द मिळून दप्तर हव्या त्या मिनिटापर्यंत उभें करतां येतें. ११ वाजून ४२ मिनिटांनीं कोणी सर्व गुण पुसले, तर ११ वाजून ४१ मिनिटांपर्यंतचें दप्तर परत मिळतें. पोस्टग्रेसमध्यें ही सोय आहे. ती चालू मात्र करावी लागते. भाड्यानें डेटाबेस सांभाळून देणाऱ्या कंपन्या हें काम करून देतात. वेळ थोडा असलेल्या शाळेनें तसें भाडें देणें वावगें नाहीं, परंतु नक्कल उभी करून पाहण्याचें काम तरीहि स्वतःच करावें.

शेवटीं विद्यार्थ्यांसाठीं एक प्रयोग देतों. एका जुन्या, टाकाऊ संगणकावर डेटाबेस बसवावा. लॅपटॉप असल्यास त्याची बॅटरी काढून ठेवावी. दुसऱ्या संगणकावरून एक लहान प्रोग्राम चालवावा: त्यानें १, २, ३ असे आंकडे एकामागून एक तक्त्यांत घालावे, आणि डेटाबेसानें “झालें” म्हटल्यावरच तो आंकडा पडद्यावर दाखवावा. कांहीं मिनिटांनीं पहिल्या संगणकाची वीज एकदम तोडावी. पडद्यावरचा शेवटचा आंकडा टिपून ठेवून संगणक पुन्हां सुरू करावा व तक्ता पाहावा. पडद्यावर ४,३१७ असेल, तर तक्त्यांत १ पासून ४,३१७ पर्यंत एकहि आंकडा गहाळ असतां कामा नये. पोस्टग्रेसमध्यें सिंक्रोनस कमिट नांवाचा खटका बंद करून हाच प्रयोग पुन्हां करावा. वेग वाढलेला दिसेल, आणि बहुधा शेवटचे कांहीं आंकडेहि नाहींसे झालेले दिसतील.

कधीं कधीं तक्त्यांत ४,३१८ हाहि आंकडा सांपडतो. त्याला भिऊं नये. नोंद पक्की झाली होती. “झालें” हें उत्तर वाटेंत असतांना वीज गेली, इतकेंच. मात्र फीच्या बाबतींत हाच प्रसंग आला, तर ॲपाला वाटेल कीं पैसे जमा झाले नाहींत, आणि तें पुन्हां जमा करूं पाहील. म्हणून प्रत्येक भरण्याला ॲपानें आधींच एक क्रमांक देऊन ठेवावा, आणि एकाच क्रमांकाची नोंद दोनदां घेऊं नये असा नियम तक्त्यावरच घालावा. मग तीच फी दुसऱ्यांदां आली, तर डेटाबेस स्वतःच ती नाकारील.